नव्या शोकेसचा वास

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मुलीचं लग्न पक्कं झालं की घरातले पुरुष लाकडाच्या मागे लागतात. मंगनीची मिठाई संपायच्या आत मामू, चाचा, मोठा भाऊ अशी दोन-तीन माणसं आरा मशीनवर जाऊन येतात, कुठला माल आहे, किती जुना आहे, कितीला पडतो याची चौकशी करतात. हा सागवानाचा मुलूख. पांढरकवडा, घाटंजी, मारेगाव, झरी या बाजूच्या जंगलातलं सागवान दूरदूर जातं, आणि ते आपल्या दारात असताना मुलीला लोखंडी सामान देऊन कसं चालेल, असा घरोघरचा हिशोब असतो. दिवाण, कपाट, ड्रेसिंग टेबल आणि काचेची शोकेस. ही चार नगं आमच्या मोहल्ल्यात इतकी ठरलेली आहेत की यादीत कोणी लिहीतसुद्धा नाही.

जहेज या प्रकाराबद्दल माझं मत वाचकांना ठाऊक आहे. निकाहात देणं आहे ते नवऱ्याने बायकोला द्यायच्या मेहेरचं. मुलीच्या बापाने ट्रक भरून पाठवायला कोणी सांगितलेलं नाही. पण आज त्या वादात शिरत नाही. ट्रकमधून जे जातं त्याच्या आत काय भरलेलं असतं, एवढ्याचबद्दल लिहायचं आहे. कपाट, शोकेस बाहेरून रिकामी दिसतात, पण रिकामी नसतात.

लग्नाच्या फर्निचरचं काम एका ठरावीक चालीने होतं. लाकूड वेळेवर मिळत नाही. मिळालं तर सुतार दुसऱ्या घरी अडकलेला असतो. तो आला की वीज नसते, वीज आली की त्याच्या गावाकडे कोणीतरी आजारी पडतं. असं करत करत सुतारकाम संपतं तेव्हा निकाहाला आठ-दहा दिवस उरलेले असतात. मग पॉलिशवाला येतो. घासणं, फटी भरणं, पुन्हा घासणं, मग एकावर एक हात. पावसाळी हवा असेल तर एक हात वाळायलाच उशीर. शेवटचा हात बहुतेक वेळा हळदीच्या रात्री पडतो. सकाळी बोट लावून पाहायचं, चिकटत नसलं की वाळलं असं समजायचं, दारं बंद करून दोरीने बांधायची, गाद्या मधे घालायच्या आणि माल मुलीच्या सासरी रवाना. तिथे दहा बाय दहाच्या खोलीत तो लागतो. दोन दिवसांनी नवी नवरी त्याच कपाटात आपले कपडे, दागिने, कागद लावते आणि दार लावून त्याच खोलीत झोपते.

दार उघडलं की आतून जो भपकारा येतो त्याला आपल्याकडे नव्याचा वास म्हणतात. लोकांना तो आवडतोही. पाहुण्या बाया मुद्दाम कपाट उघडून पाहतात आणि आतूनही पॉलिश केलंय म्हणून कौतुक करतात. आतून पॉलिश म्हणजे मुलीच्या बापाने हात आखडता घेतला नाही, याची खूण.

माझ्या भाचीच्या लग्नात असंच सगळं झालं. सागवानाची चौकट, आत प्लाय, पुढे काच, वर-खाली खण आणि मधे दागिन्यांसाठी छोटं ड्रॉवर. काम नामी होतं, त्यात शंका नाही. शोकेसमध्ये तिने चांदीचं गुलाबपाणी, नानीचं तांब्याचं पानदान, काचेचे कप आणि नाना-नानीचा १९५८ सालचा काळा-पांढरा फोटो चौकटीसह ठेवला. ड्रॉवरमध्ये नानीचा मोत्यांचा तीन पदरी हार. हैदराबादचे मोती. आमच्याकडून हैदराबाद तसं लांब नाही. पांढरकवड्याहून आदिलाबाद ओलांडलं की त्याच मोठ्या रस्त्याने सरळ जायचं. पूर्वी लग्नाचे मोती घ्यायला चारमिनारच्या बाजारात जाणारी घरं आमच्यात बरीच होती.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर भाचीने फोन केला. पानदानाच्या कडेला हिरवं धरलं होतं. फोटोच्या कडा पिवळसर झाल्या होत्या आणि शेरवानीच्या काळ्या भागावर, तिरकं धरून पाहिलं तर, आरशासारखी निळसर चमक दिसत होती. ती चमक थोडी आधीपासूनही असेल, जुन्या फोटोंवर येतेच. पण मोत्यांचं काही वेगळंच झालं होतं. आब गेला होता. एरवी मोती हातात घेतला की त्यावर बोटाची, खिडकीची पुसट सावली हलते. इथे पिठूळ पांढरेपणा आला होता, आणि दोऱ्याजवळच्या दाण्यांवर बारीक भुकटी. घरात लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, मोती नकलीच असणार, नानीला फसवलं. दुसऱ्याचं म्हणणं, नजर लागली. नानी आता नाही, म्हणून तिच्यावर ढकलणं सोपं होतं. मला ते सहन झालं नाही, आणि तिथून मी या विषयाच्या मागे लागलो.

मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शंख, शिंपले, कवड्या, अंड्यांची टरफलं, संगमरवर ही सगळी त्याच गोत्रातली. त्यावर आम्ल पडलं की ते विरघळतं, हे शाळेत शिंपल्यावर लिंबू पिळून सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आम्ल ओतलंच पाहिजे असं नाही. त्याची वाफ बंद जागेत साठली, हवेत दमटपणा असला, की तेच काम हळूहळू होतं. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात शंख-शिंपले जमवणाऱ्या हौशी मंडळींच्या ही गोष्ट लक्षात आली. ओक लाकडाच्या सुंदर ड्रॉवरांमध्ये कापसावर मांडून ठेवलेल्या शिंपल्यांवर काही वर्षांत पांढरी, सिरक्याच्या वासाची भुकटी येई. बाइन नावाच्या गृहस्थाने १८९९ मध्ये त्यावर लिहिलं आणि हा जंतूंचा रोग आहे असं सांगितलं. ते चुकलं होतं. जंतू कुठेच नव्हते, लाकडातून सुटणारं आम्ल होतं. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आजही संग्रहालयांची माणसं त्याला ‘बाइनचा रोग’च म्हणतात.

हे वाचलं तेव्हा मला मोत्यांआधी कवड्या आठवल्या. पुसद, दिग्रस, दारव्हा भागात बंजारा समाजाची वस्ती मोठी. जुन्या बायांच्या कांचळी-फेट्यांवर, पिशव्यांवर, बैलांच्या झुलीवर कवड्या, आरसे, नाणी शिवलेली असत. आता ती वस्त्रं रोज कोणी घालत नाही. ज्यांना जाण आहे ती घरं आजीची वस्तू म्हणून काचेच्या नव्या शोकेसमध्ये लावतात, वरून छोटा बल्ब. बल्बची ऊब, बंद काच आणि ताजं पॉलिश, कवडीला आणखी काय लागतं? तांड्यावर, मातीच्या घरात, खुंटीला टांगलेली होती तेव्हा ती जास्त सुरक्षित होती.

आता लाकडाबद्दल. सगळा दोष पॉलिशवर टाकणं बरोबर नाही, कारण लाकूड स्वतःच थोडं आंबट असतं. त्याच्या घडणीतच ॲसिटिक आम्ल, म्हणजे सिरक्यातलं आम्ल, बांधलेलं असतं. ऊब आणि ओल मिळाली की ते सुटं होऊन बाहेर येतं. झाड तोडून कित्येक वर्षं झाली तरी हे चालूच राहतं. ओक यात सगळ्यात बदनाम. धातूंना किती त्रास देतं यावरून लाकडांच्या ज्या याद्या केल्या आहेत त्यांत आपलं सागवान मधल्या पायरीवर बसतं. ओकइतकं वाईट नाही, पण अगदी निरुपद्रवीही नाही. हे सागवानाच्या अभिमान्यांना, म्हणजे अर्ध्या यवतमाळला, आवडणार नाही. सागवानाला वाळवी लागत नाही हे खरंच आहे. पण वाळवी न लागणं वेगळं आणि शेजारच्या वस्तूला न छळणं वेगळं.

प्लायवूड आणि एमडीएफमध्ये त्यावर आणखी एक भर असते. लाकडाचे पापुद्रे किंवा भुसा एकमेकांना चिकटवायला जी राळ वापरतात, त्यात बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइड असतं. हे आपल्या ओळखीचं आहे. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीत साप, विंचू ठेवलेले असत, त्या पाण्याचा डोळ्यांना झोंबणारा वास आठवा. ते फॉर्मेलिन, म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइडच. ते हवेत सुटतं आणि त्यातून पुढे फॉर्मिक आम्लही होऊ शकतं. लाल मुंगी चावल्यावर जे झोंबतं ते हेच. सुताराच्या पांढऱ्या गोंदातूनही थोडा सिरका सुटत असतो.

आणि मग पॉलिश.

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा होते, जुन्या पद्धतीचं लाखेचं पॉलिश करायचे. पळसावर, बोरावर, कुसुमावर जी लाख होते तिचे स्वच्छ केलेले पातळ पापुद्रे, म्हणजे चपडा, ते स्पिरिटमध्ये भिजत घालायचे. कापूस आत घालून मऊ कापडाची पुरचुंडी बांधायची, ती त्या द्रावणात बुडवायची आणि गोल गोल हात फिरवत राहायचं. पंधरा-वीस हात, मधे विश्रांती. स्पिरिटचा वास दोन-चार दिवसांत उडून जायचा आणि मागे उरायची ती निव्वळ लाख. ती फारसं काही सोडत नाही. पण तिच्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ पडतं, पाणी सांडलं की डाग पडतो. शिवाय एवढा हात फिरवायला आता कोणाकडे वेळ नाही आणि त्या हाताचे पैसे द्यायची कोणाची तयारी नाही.

म्हणून मेलामाइन आलं. दोन डबे असतात. एकात राळ, दुसऱ्यात ती पक्की करणारं आम्ल. मिसळून थिनर घालायचं आणि मारायचं. काचेसारखा गुळगुळीत थर येतो, चहाच्या कपाला भीक घालत नाही. पण तो पक्का होताना फॉर्मल्डिहाइड सुटतं, आणि हाताला वाळल्यासारखा लागल्यानंतरही पुढे बरेच दिवस, आठवडे, थोडं थोडं सुटतच राहतं. पीयूची गोष्ट निराळी. त्याचा धोका मुख्यतः मारताना. त्याच्या दुसऱ्या डब्यात आयसोसायनेट असतं, आणि ते श्वासात गेलं की काही माणसांना कायमचा दमा जडतो. तेलाचं वॉर्निश, ऑइल पेंट हे सगळ्यात साधेसुधे वाटतात, जवसाचं तेल म्हणजे घरचंच. पण तेल वाळतं म्हणजे उडून जातं असं नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्या प्रक्रियेत आम्लं, झोंबणारे वायू आणि पेरॉक्साइड बाहेर पडतात. काळ्या-पांढऱ्या फोटोतली प्रतिमा म्हणजे चांदीचे बारीक कण. पेरॉक्साइड त्यांना हलवून वर आणतं. नानाच्या शेरवानीवरची आरशासारखी चमक ती हीच. (जाता जाता, जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा.)

चांदीचं गुलाबपाणी काळं पडलं होतं, पण त्याचा गुन्हेगार बहुतेक दुसरा. चांदीला आम्लाच्या वाफेने फारसं काही होत नाही, तिला गंधक काळं करतं. ते रबर, लोकर, काही मखमली आणि गोंद यांतून येतं. गुलाबपाण्याखाली रबराची गोल चकती ठेवली होती, काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून.

आता कोणी म्हणेल, एवढीशी वाफ, तिने काय होणार? बैठकीत, पंख्याखाली, खरंच फार काही होत नाही. प्रश्न बंद पेटीचा आहे. मोकळ्या खोलीत वाफ सुटते आणि निघून जाते. शोकेसच्या आत ती जाऊन जाऊन जाणार कुठे? काच जितकी घट्ट बसेल, दाराला जितकी नीट पट्टी लावाल, तितकी ती साठत राहते. आपण धूळ येऊ नये म्हणून ज्या फटी बुजवतो त्याच फटींतून ती बाहेर पडत असते. त्यात आमचं हवामान. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, आणि उन्हाने लाकूड, राळ, रंग सगळ्यांतूनच वाफ जोरात सुटते. मग जून-जुलैत ओल येते. उन्हाळ्याने वाफ काढून ठेवायची आणि पावसाळ्याने तिला कामाला लावायचं, असं वर्षाचं चक्र आहे.

ही किमया माणसाने मुद्दामही वापरली आहे. जुन्या काळी पांढरा रंग, सफेदा, शिशापासून करत. मातीच्या भांड्यात तळाला सिरका, वर शिशाच्या गुंडाळ्या, आणि अशी भांडी एकावर एक रचून घोड्याच्या शेणात पुरायची. शेणाची ऊब, सिरक्याची वाफ. काही आठवड्यांनी उघडलं की शिसं पांढरं झालेलं असे. ते खरवडायचं. उबदार बंद जागा, आम्ल आणि धातू हीच ती जोडणी. आम्ही ती दिवाणखान्यात मांडतो आणि वर काच बसवतो.

मोठ्या संग्रहालयांना हे कळलं ते नुकसान झाल्यावरच. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये एक साधी परीक्षा सुचवली, ती आजही जगभर चालते. शोकेससाठी जे काही वापरायचं, लाकूड, रंग, कापड, गोंद, त्याचा छोटा तुकडा काचेच्या नळीत घालायचा. सोबत चांदी, शिसं आणि तांबं यांच्या घासून चकचकीत केलेल्या पट्ट्या आणि थोडं पाणी. तोंड बंद करून साठ अंश तापमानात अठ्ठावीस दिवस ठेवायचं. मग पट्ट्या पाहायच्या. चांदी काळी पडली तर गंधक, शिशावर पांढरं आलं तर आम्ल. तांबं अनेक गोष्टींना कुरकुरतं. जे पास होईल तेच शोकेसमध्ये जाणार. आपल्याकडेही जुन्या संग्रहालयांत सागवानी चौकटींच्या काचपेट्या भरपूर आहेत. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ चा. त्या काळात वस्तू मांडायची म्हणजे लाकूड आणि काच, दुसरं काही नव्हतंच. आता जाणकार संरक्षक अशा पेट्यांना आतून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेलं अस्तर लावतात, वाफ शोषायला सक्रिय कोळसा ठेवतात, किंवा पेटीच भाजलेल्या रंगाच्या पोलादाची करतात.

भाजलेल्या रंगाचं पोलाद म्हणजे काय, तर आपल्या अम्मीचं लोखंडी कपाट! ज्याची नव्या सुनेला लाज वाटते, जे माळ्याखालच्या खोलीत ढकलून दिलेलं असतं. भट्टीत भाजून पक्का झालेला त्याचा रंग आता जवळजवळ काहीच सोडत नाही. माझ्या अम्मीने त्यातल्या लॉकरमध्ये जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवलेले मोती आजही तसेच आहेत, त्याच हैदराबादच्या बाजारातले. नानीला कोणी फसवलेलं नव्हतं.

ती परीक्षा मी घरगुती पद्धतीने करून पाहिली. दोन काचेच्या बरण्या घेतल्या. मासे पकडायच्या जाळ्याला लावतात तसले शिशाचे दोन मणी पॉलिश कागदाने घासून चमकवले. एका बरणीत मेलामाइन मारलेल्या प्लायचा तुकडा, ओला कापूस आणि एक मणी, एकमेकांना न लागता. दुसरीत फक्त ओला कापूस आणि मणी. झाकणं घट्ट लावून महिनाभर गच्चीवरच्या गरम खोलीत ठेवली. दुसऱ्या बरणीतला मणी मंद झाला होता, एवढंच. पहिल्यातल्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. बुरशी नव्हती ती. कोणी करून पाहणार असेल तर शिसं मुलांपासून लांब ठेवा, त्याची पूड श्वासात जाऊ देऊ नका आणि नंतर हात साबणाने धुवा. मी बरणी भाचीच्या सासऱ्यांना दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मग हे आपल्या फुफ्फुसात काय करतं?”

मी वस्तूंवर अडकलो होतो, ते माणसावर आले. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. घरातल्या हवेत ते घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अर्ध्या तासासाठीसुद्धा, असं संघटना सांगते. एका नव्या कपाटाने कर्करोग होतो असं मी म्हणत नाही, आणि तसं सांगत सुटणाऱ्यांपासून सावध राहा. पण डोळे चुरचुरणं, घसा धरणं, डोकं दुखणं, दमेकऱ्याचा दमा उसळणं, हे त्याच्या खूप आधी होतं. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारने तात्पुरत्या फिरत्या घरांत ठेवलं. ती घरं प्लाय आणि भुशाच्या फळ्यांची होती. लोक डोळे आणि श्वासाच्या तक्रारी करू लागले, तपासणी झाली, तेव्हा हेच फॉर्मल्डिहाइड निघालं. आमच्याकडे नवी नवरी लग्नानंतर महिनाभर डोकं दुखतं म्हणाली की लोक काय काय अर्थ काढतात! माहेरची आठवण, सासूची धास्ती, नाहीतर गोड बातमी. खोलीची खिडकी उघडी आहे का, हे कोणी पाहत नाही. आणि नव्या नवरीची खिडकी उघडी कशी असेल? पडदा, बाहेरची नजर, शेजार. ती बंदच असते.

वास जावा म्हणून जे उपाय होतात तेही पाहण्यासारखे आहेत. लोबान जाळतात, अत्तराचा फाया ठेवतात. त्याने वास झाकला जातो, वाफ तिथेच राहते. डांबर गोळ्या टाकतात, म्हणजे एका वाफेवर दुसरी. नॅफ्थलीनच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे, दुपटी तशीच काढून तान्ह्या बाळाला गुंडाळू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक उणीव असते, त्यांना त्या वाफेने जोराची कावीळ होऊ शकते. आधी धुवा, उन्हात घाला.

सगळ्यात जास्त कोणाच्या छातीत जातं, तर जो मारतो त्याच्या. पॉलिशचं काम आमच्या वस्तीतली बरीच पोरं करतात. धूळ बसू नये म्हणून खोलीची दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला रुमाल. रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाचं डबडं लावलेला मुखवटा लागतो. भाचीच्या फर्निचरला पॉलिश करणारा पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. रात्री जेवायला बसला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाला, “भाईजान, बास तो मारेंगाच. आदत हो जाती.” हे ‘आदत हो जाती’ आपण आधीही ऐकलंय. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हाही अनेकांच्या तोंडाला रुमालच होता. ती औषधं वेगळी, हे थिनर वेगळं, त्यांची बरोबरी मी करत नाही. पण श्वासातून आत जाणाऱ्या गोष्टीला आपला जिल्हा अजूनही फक्त वास समजतो.

माझ्याकडे यावर मोठा इलाज नाही. पॉलिश लग्नाच्या निदान महिनाभर आधी संपवा, आणि तो महिना कपाटाची दारं, ड्रॉवर सताड उघडे ठेवा, वारा लागेल अशा जागी. जिथे मोती, कवड्या, जुने कागद, फोटो ठेवायचे आहेत तिथे आतून पॉलिश करूच नका. खणाच्या तळाला आणि बाजूंना ॲल्युमिनियमचं अस्तर लावून त्यावर धुतलेलं सुती कापड घाला. प्लाय घेताना कमी फॉर्मल्डिहाइडचा, ई-१ किंवा ई-० शिक्क्याचा मागा. दुकानदार आधी नाही म्हणेल, मग आतून आणेल. शोकेसच्या मागच्या बाजूला, दिसणार नाहीत अशी, दोन बोटं जातील एवढी भोकं पाडा आणि जाळी लावा. धूळ येईल. धूळ पुसता येते.

मोत्यांचा आब काही परत येत नाही. हैदराबादच्या एका दुकानदाराने ते हातात घेऊन, न विचारताच, “लाकडात ठेवले होते का?” म्हटलं. त्याला ऑडीचं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. फोटोची चांगली नक्कल काढून ती शोकेसमध्ये लावली, मूळ फोटो कागदी पाकिटात घालून लोखंडी कपाटात ठेवला. पानदान चिंचेने घासलं, ते आता भाचीच्या स्वयंपाकघरात आहे आणि त्यात लवंग-वेलची असते.

येत्या उन्हाळ्यात धाकट्या भाचीचं लग्न आहे. मिस्त्रीशी बोलणं झालं. पॉलिश महिनाभर आधी संपवायला तो तयार आहे, आगाऊ पैसे मिळाले तर. पॉलिशवाल्या पोरासाठी मुखवटा मी आणून ठेवला आहे, तो लावेल की नाही देव जाणे. अडलंय ते आतल्या पॉलिशवर. भावजय म्हणते, कोरं लाकूड पाहून मुलाकडचे काय म्हणतील? दागिन्यांचं ड्रॉवर कोरं ठेवायला ती कबूल झाली आहे, कारण ते कुलपात असतं, कोणाला दिसत नाही. बाकीच्या खणांचं बोलणं अजून चालू आहे.